मागून आलेला दगड

ते मला पहिल्यांदा दिसले ते वरून. फुलसावंगीच्या अलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. त्या तांड्याजवळच्या शेतात नवी विहीर पस्तीस फूट खोल गेली होती आणि तिच्या तळाशी एक पांढरं मुंडासं सब्बलीबरोबर, म्हणजे पहारीबरोबर, खालीवर होत होतं. मी काठावर उभी होते, हातात वही, गळ्यात नवंकोरं भिंग. भूजलाच्या ऑफिसात कंत्राटावर लागून मला दोनच महिने झाले होते.

"कोन हाय वर?" खालून आवाज आला.

"ऑफिसमधून आलेय. विहिरीतले थर बघायचेत."

"बाईमानूस हाय का?"

"हो."

"मंग थांबा. दोरीले हात नका लावू."

ते वर आले. साठीकडे झुकलेले, बारीक अंगाचे, पापण्यांवरसुद्धा दगडाची भुकटी. त्यांनी दोराची शिडी सोडली, बाभळीच्या बुंध्याला नव्यानं बांधली, दोनदा ओढून पाहिली आणि माझ्याआधी स्वतः खाली उतरू लागले. "म्या खाली असलो म्हनजे तुमी पडल्या तरी माह्यावरच पडसान," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागले.

आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. बाबा यवतमाळला कारकून होते, नुकतेच निवृत्त झाले होते. दगडाला हात लावणारी घरातली मी पहिली. आईला वाटायचं, पोरगी उन्हात काळी होईल. बाबांना वाटायचं, सरकारी काम आहे, आज ना उद्या पक्कं होईल. ती कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी पेपर आला की बाबा आधी आत्महत्यांच्या बातम्या येत ते जिल्ह्याचं पान उघडायचे. गावांची नावं मोठ्यानं वाचायचे, माणसांची मनातल्या मनात. पाणी असलं तर शेत तगेल म्हणून सरकारनं ठिकठिकाणी विहिरी मंजूर केल्या होत्या आणि त्या विहिरींत कुठल्या दगडातून पाणी झिरपतं ते लिहून आणायचं काम माझ्याकडे होतं.

काका आयुष्यभर विहिरी खोदत आले होते. तांड्यातल्या इतरांसारखी त्यांचीही थोडी शेती होती, पण त्यांचा जीव खोदण्यात. वरचा मुरूम, मग भोकाभोकांचा जाळीचा दगड, मग सब्बल मागे उडवणारा काळा पाषाण, मध्येच गेरूसारखी लाल मातीची पट्टी, तिच्याखाली पुन्हा जाळीचा दगड. हे सगळं ते हात फिरवून सांगायचे. आपसात बोलताना दगडाला भाटा म्हणायचे, माझ्याशी बोलताना दगड.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "बाई, तुमी वहीत काय लिवून राह्यल्या?"

"कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा, ते."

"खालचा आधीचा. त्यात लिवाचं काय?"

मी त्यांना सांगितलं की हा काळा दगड कधीकाळी पातळ होता, जमिनीतून उकळत वर आला आणि पसरला. निवला. मग बराच काळ काहीच आलं नाही. त्याच्यावर ऊन पडलं, पाऊस पडला, माती झाली. मग वरून दुसरा लोंढा आला, त्यानं ती माती भाजून काढली. ही लाल पट्टी म्हणजे ती भाजलेली माती.

त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "किती वर्साची असन?"

"ते असं विहिरीत उतरून कळत नाही, काका. त्याला मोठी यंत्रं लागतात. इथं फक्त कोण आधी आणि कोण मागून, एवढंच कळतं."

"तेवढं कळलं तरी लय झालं," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

पुढच्या खेपेला मी त्यांना काळ्या पाषाणातून तिरपी गेलेली पांढरी गारगोटीची रेघ दाखवली. ही रेघ दगडाला चिरत गेली आहे, म्हणजे चिरायला दगड आधी असायला हवा. चिरणारा मागचा, चिरला गेलेला आधीचा. त्याच्या पुढच्या खेपेला नाल्याकाठचा गोटेमिश्रित थर दाखवला. थराच्या पोटात जो गोटा आहे तो थराहून जुना, कारण तो आधी कुठेतरी दगड म्हणून होता, मग फुटला, घासला, वाहत आला. काका ऐकून घ्यायचे, मान हलवायचे नाहीत. पण पुढच्या विहिरीवर गेलं की मी काही बोलायच्या आत म्हणायचे, "हे पाहा, हे मागून आलं." बहुतेक वेळा बरोबर असायचं.

एकदा सुरुंगाच्या परवानगीचा फॉर्म भरताना मी त्यांना वय विचारलं.

"वय नाई मालूम. मोठ्या दुष्काळात म्या खडी फोडाले जात होतो. त्याच्या मांगून लगन झालं. लगनाच्या मांगून तांड्याच्या नाईकाचा वाडा जळला. मंग पोरगी झाली."

"अंदाजे पंचावन्न लिहिते."

"दगडाचं अंदाजे लिवत नाई तुमी. माह्यं बरं लिवता," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं.

दुसऱ्या वर्षी त्यांचा निरोप आला. ऑफिसच्या जीपच्या ड्रायव्हरनं सांगितला, "बुढा म्हनते बाईले लवकर पाठव, गोगलगाई निघाल्या." मी दुसऱ्याच दिवशी गेले. विहीर नाल्याच्या पलीकडे होती. तीस फुटांवर काळ्या दगडाखाली खडूसारखी पांढरट माती लागली होती आणि तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या, काही बोराएवढ्या, दगड झालेल्या गोगलगाई होत्या. मी त्या तळहातावर घेतल्या आणि एकेक भिंगाखाली धरली. दोन लोंढ्यांच्या मधल्या त्या निवांत काळात इथं तळं होतं, त्या तळ्यात या फिरत होत्या. काका माझ्याकडे बघत होते, गोगलगाईंकडे नाही.

त्या पांढऱ्या मातीखाली पुन्हा कमरेएवढा काळा दगड, त्याच्याखाली पुन्हा तशीच पांढरी माती आणि पुन्हा गोगलगाई, आणि तळाशी पाषाण. मी वहीत खालून वर क्रम लिहिला. आधी खालचा पाषाण, मग तळं, मग लोंढा, मग पुन्हा तळं, मग वरचा लोंढा. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवला.

"नाई," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"मधला काया दगड मांगून आला. तळं एकच होतं."

"काका, तो मध्ये आहे. वरची माती त्याच्यावर बसलीय. म्हणजे ती त्याच्या नंतरची."

त्यांनी माझा हात धरला, तोवर कधी धरला नव्हता, आणि बोटं मधल्या काळ्या दगडाच्या खालच्या कडेला लावली. तिथली माती विटेसारखी टणक आणि तांबूस झाली होती. "हे भाजलं. बराबर?"

"बरोबर. वरून लोंढा आला, खालची माती भाजली."

मग त्यांनी माझी बोटं त्याच दगडाच्या वरच्या कडेला लावली. तिथली मातीही तशीच टणक, तशीच तांबूस. "मंग हे कोनं भाजलं? दगड निवल्यावर वरून माती येऊन बसली असती तं ते काहून भाजली असती?"

त्यांनी सब्बलीच्या टोकानं अजून एक जागा दाखवली. काळ्या दगडाचं बोटभर टोक वरच्या मातीत घुसलं होतं. आणि दगडाच्या आत, वरच्या कडेजवळ, पांढऱ्या मातीचं एक ढेकूळ अडकून भाजलं होतं. "तुमीच सांगतलं होतं. चिरनारा मांगचा. पोटातला आधीचा."

सगळं माझंच होतं, मीच शिकवलेलं. पण बघितलं त्यांनी. जमिनीतून वर येणारा तो तप्त रस वर न पोचता मऊ मातीच्या दोन थरांमध्ये आडवा शिरला होता, वर आणि खाली दोन्हीकडे माती भाजत. मी वहीतला क्रम खोडला आणि नवा लिहिला.

"आनं सगळ्यात वरचा लोंढा? थो याच्या आधी का मांगून?" त्यांनी विचारलं.

मी खूप वेळ शोधलं. दोघांचा एकमेकांना स्पर्श कुठेच नव्हता. "नाही सांगता येत," मी म्हटलं.

"चाललं," ते म्हणाले. "नाई मालूम तं नाई मालूम."

पुढच्या रविवारी मी दगडांची पिशवी घेऊन अमरावतीला माझ्या कॉलेजातल्या सरांकडे गेले. सर तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी टेबलावर पेपर अंथरला, नमुने क्रमानं मांडले, भिंगातून वरची कड पाहिली, खालची कड पाहिली, पुन्हा वरची पाहिली. मग भिंग खाली ठेवलं.

"अशी जागा भलेभले चुकतात. लोंढा म्हणून नोंद करून मोकळे होतात," ते म्हणाले. "कुणी ओळखलं हे?"

आमच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. डोंगरावर, खाणीत जायचं तेव्हा मुलं सरांबरोबर पुढे जायची आणि आम्हाला गाडीजवळ नमुन्यांवर नंबर घालायला बसवायचे. सर वाईट नव्हते. त्यांना आमची काळजी वाटायची. पण त्यांचे डोळे असे चमकताना मी फक्त मुलांच्या बाबतीत पाहिले होते. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून चमकले.

"मी," मी म्हटलं.

एवढंच. एक अक्षर.

सरांनी लेख लिहायला लावला. एका परिषदेच्या अंकात तो छापून आला. शेवटी आभाराच्या ओळीत मी ऑफिसचे, सरांचे आणि 'स्थानिक मजुरांचे' आभार मानले होते. पक्क्या नोकरीच्या मुलाखतीत एका साहेबांनी त्या लेखाबद्दलच विचारलं आणि मी न अडखळता पाच मिनिटं बोलले. नागपूरला नेमणूक झाली. निघण्याआधी मी काकांकडे पेढे घेऊन गेले. त्यांच्या बायकोनं, तांड्यात सगळे तिला याडी म्हणायचे, म्हणजे आई, मला गुळाचा चहा दिला.

"आपल्या विहिरीबद्दल पुस्तकात छापून आलंय, काका."

"गोगलगाईचं बी?"

"हो."

"पुढच्या खेपेले आनजा. मले वाचता येत नाई, पन चित्र पाहीन."

मी हो म्हटलं. अंक तेव्हा माझ्या पिशवीतच होता. चित्राखाली माझं एकटीचं नाव होतं आणि तांड्यात शिकलेली पोरं होती. मी तो बाहेर काढला नाही.

त्यानंतर मी चार वर्षं तिकडे गेले नाही. मधल्या काळात बोअरवेलच्या गाड्या गावोगाव पोचल्या. जे काम काका चार महिन्यांत करत ते गाडी एका दिवसात करू लागली आणि भोकातून भुकटीशिवाय काही बाहेर येत नाही, थर कुणाला दिसत नाही. विहिरी खोदणारे रिकामे झाले. काका इतरांच्या शेतात मजुरीनं जाऊ लागले. निंदणीला, वेचणीला आणि फवारणीला.

ते वर्ष दमट होतं आणि कापसाची झाडं, ज्यांना आमच्याकडे पराटी म्हणतात, माणसाच्या डोक्यावर वाढली होती. अळी आवरत नव्हती. एका सकाळी नागपूरला बाबांचा फोन आला. फवारणीनं विष चढून दवाखान्यात आलेल्या माणसांची नावं पेपरात होती. बाबा नेहमीसारखी गावं मोठ्यानं वाचत होते, आणि मध्येच थांबले.

"तुझा तो विहिरीचा बुवा, त्याचा तांडा हाच ना?"

"नाव वाचा बाबा."

त्यांनी नाव वाचलं. आडनाव चुकलेलं होतं, पण तेच होते.

मी दुपारच्या बसनं यवतमाळला आले आणि सरळ दवाखान्यात गेले. वॉर्डात एका रांगेत सगळे तेच, शेतातून आलेले. काका भिंतीकडच्या कॉटवर होते. अंग घामानं भिजलेलं, श्वास घरघरत होता. याडी पायाशी बसली होती. काकांचे डोळे उघडे होते, पण औषधानं त्यांना नीट दिसत नव्हतं.

"काका, मी आलेय."

"आवाज वयखला म्या," ते म्हणाले. मग, "पराटी लय उंच होती, बाई. फवारा वर मारला का आपल्याच आंगावर येते."

"बोलू नका."

"थे गोगलगाईची विहीर बांधली का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"बांधाच्या आधी पाहून घेजा. मंग काई दिसत नाई."

मी तिथं तासभर बसले. सांगायचं ठरवूनच आले होते. पण शेजारच्या कॉटवर एक माणूस ओरडत होता, नर्स सलाईन बदलायला आली, याडी सारखा त्यांचा घाम पुसत होती. मला वाटलं, आत्ता सांगून त्यांना उगाच त्रास. उद्या जरा बरे असतील. मी उठले. "उद्या सकाळी येते," म्हटलं. त्यांनी हात वर केला, तो कुठल्या दिशेला करायचा ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दहा वाजता पोचले. त्या कॉटवर दुसराच माणूस होता.

महिन्याभरानं मी तांड्यावर गेले. याडी ओट्यावर एकटी तूर निवडत होती. मी अंक बरोबर नेला होता. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. मधला दगड मागून आला हे त्यांनी ओळखलं, मी माझं म्हणून सांगितलं, त्यावर मला नोकरी लागली. तिची बोटं सुपात फिरत होती.

मी संपवलं तेव्हा ती म्हणाली, "मंग मले कायले सांगून राह्यली? त्याले सांगाचं होतं."

"दवाखान्यात सांगणार होते, याडी."

"दवाखान्यात?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "थो चार वर्सं इथीच तं होता."

मी म्हटलं, "मी दुरुस्ती छापते. त्यांचं नाव घालून."

"नाव नको."

"का?"

"पेपरात आलं नाव, तवा किती लोक आले. क्यामेरे घेऊन. माह्या तोंडापुढं धरले, म्हने रडा. एक जन मले म्हने, मानसाचा फोटो दाखवा. एकच फोटो होता, थो घेऊन गेला, परत नाई आनला." तिनं सूप बाजूला ठेवलं. "नाव नको लिवू त्याचं कुठी."

म्हणून इथेही लिहिलेलं नाही.

सरांना मी पत्र लिहिलं. फोनवर सांगायची हिंमत नव्हती. आठ दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. बारीक, दाटीवाटीचं अक्षर. त्यांनी मला दोष दिला नव्हता. लिहिलं होतं की त्या दिवशी 'कुणी ओळखलं' असं विचारताना त्यांच्याही मनात उत्तर आधीच ठरलेलं होतं, विहीर खोदणाऱ्या माणसानं ओळखलं असेल ही शक्यता त्यांना शिवलीसुद्धा नाही, तेव्हा चूक एकटीची नाही. शेवटी, दुरुस्ती जरूर छाप. त्याच परिषदेच्या पुढच्या अंकात मागच्या पानावर तीन ओळी छापून आल्या. मूळ निरीक्षण त्या विहिरीवर काम करणाऱ्या एका अनुभवी विहीर खोदणाऱ्याचं होतं, असं त्यात होतं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "मोठ्या मनाच्या आहात, मॅडम." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याला कारण कळलं नाही.

त्या तीन ओळींचा कागद घेऊन मी डिसेंबरात पुन्हा तांड्यावर गेले. जाताना नाल्यापलीकडची विहीर लागली. आतून तळापर्यंत सिमेंटनं बांधून काढलेली. पंपाचा पाइप आत सोडलेला. वाकून पाहिलं, करडी गुळगुळीत भिंत आणि खाली पाणी, बाकी काही नाही.

याडीच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं मला पाणी दिलं आणि सांगितलं की याडी पोरगी-जावयाबरोबर ऊसतोडीला गेली, पश्चिमेकडे, गावाचं नाव तिला ठाऊक नव्हतं.

"या वयात?" मी म्हटलं.

"कोयता पोरगी चालवते. बुढी पोरं सांभाळते, सैपाक करते. एकटी राहून काय करन इथी?"

"परत कधी येतील?"

"होळीले येतीन. तांड्यात होळीले सगळे येतेत. तुमी बी याजा."

मी येते म्हटलं. कागद तिच्याजवळ ठेवायला मन झालं नाही, घडी करून पुन्हा पर्समध्ये टाकला. फाट्यावर येऊन बसची वाट पाहत उभी राहिले. वेचणी संपत आली होती, रस्त्याकडेच्या काटेरी झुडपांना गाड्यांवरून उडालेला कापूस लागलेला होता. दिग्रसची बस तासाभरानं आली.

होळीला मी गेले नाही. घरी सांगितलं, रजा मिळाली नाही. रजा मी मागितलीच नव्हती.